सुभेदाराला सुभेदारच म्हणा

प्रस्थापितांच्या वर्तमानपत्रांत एक नेहमीची गंमत असते. कर्नल निवृत्त झाला की त्याच्या नावामागे मरेपर्यंत कर्नल लागते. सोसायटीच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर, वाचकांच्या पत्रव्यवहारात, सगळीकडे. पण अठ्ठावीस वर्षे नोकरी करून सुभेदार म्हणून घरी आलेला आपला माणूस वारला, तर बातमीत छापून येते, ‘माजी जवान यांचे निधन’. सुभेदार हा जवान नसतो. तो ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर असतो, राष्ट्रपतींच्या कमिशनचा धनी असतो, जवान त्याला ‘साहेब’ म्हणतात. पण बातमी लिहिणाऱ्याच्या डोक्यात सरळ हिशेब असतो. इंग्रजी बोलणारा तो अधिकारी आणि झोपडपट्टीत किंवा खेड्यात राहणारा तो जवान. त्यापुढे विचार करायची त्याला गरज वाटत नाही.

हा केवळ शब्दांचा किस काढणे नव्हे. आपल्या चळवळीचा पायाच ज्यांनी घातला, ते लोक हुद्देवाले लोक होते. गोपाळबाबा वलंगकर हवालदार होते. डॉ. बाबासाहेबांचे वडील रामजी मालोजी सकपाळ सुभेदार होते, आजोबा मालोजी लष्करात होते आणि भीमाबाईंचे माहेर मुरबाडकर तेही लष्करातले घराणे. रामजींनी याच पुण्यात लष्कराच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाची पदविका घेतली आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. कंपनीच्या पलटणीत शिपायाला आणि त्याच्या मुलाबाळांना शाळेत बसणे सक्तीचे होते, म्हणून ज्या समाजाला गावच्या शाळेच्या ओट्यावर पाय ठेवता येत नव्हता, त्या समाजाच्या बायासुद्धा छावणीत वाचायला शिकल्या. या माणसाला ‘ब्रिटिश फौजेत साधे शिपाई होते’ असे एका शालेय भाषणाच्या पुस्तिकेत लिहिलेले मी वाचले आहे. साधे शिपाई! त्या काळात एतद्देशीय माणसाला पायदळात चढता येईल अशा वरच्या पायऱ्यांपैकी ती पायरी होती. आणि जो पलटणीच्या शाळेचा हेडमास्तर आहे त्याला ‘साधा शिपाई’ म्हणण्यात, त्याच्या पोराची बुद्धी कुठून तरी चमत्काराने आली असे सुचवण्याची सोय होते. ती चमत्काराने आली नाही. ती घरात होती.

आता या ‘शिपाई’ शब्दाचीच कर्मकथा बघा. फारसीतला सिपाही म्हणजे फौजेतला माणूस. इंग्रजांनी त्याचाच सिपॉय केला. आज आपल्या सैन्यातला सर्वांत खालचा हुद्दा सिपाही हाच आहे. पण मराठीत ‘शिपाई’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो साहेबाच्या केबिनबाहेर स्टुलावर बसलेला, चहा आणणारा, फायली वाहणारा माणूस. शिपाईच काय, सरकारी कार्यालयांतली चतुर्थ श्रेणीची उतरंड पाहा, शिपाई, नाईक, हवालदार, जमादार. अख्खी पलटण तिथे फायली वाहायला उभी केलेली आहे. जमादार हा कंपनी सरकारच्या फौजेत कमिशन मिळालेला अंमलदार होता. स्वतंत्र भारताच्या सैन्यात तोच हुद्दा १९६५ पर्यंत जमादार याच नावाने चालला, मग त्याचे ‘नायब सुभेदार’ झाले. तोपर्यंत बाहेर काय झाले होते? उत्तर हिंदुस्थानात आणि रेल्वेच्या भाषेत ‘जमादार’ म्हणजे संडास साफ करणारा, असा अर्थ रूढ झाला होता. ज्या हुद्द्यावर आपली माणसे तलवार लावून उभी होती, त्या हुद्द्याच्या नावाचा झाडू झाला. भाषा आपोआप घसरते असे विद्वान सांगतात. ती नेमकी कुठल्या बाजूला घसरते हे मात्र ते सांगत नाहीत.

पुण्याच्या माणसाला तर हा गोंधळ रोजचाच. ‘मी लष्करात राहतो’ असे कोणी म्हटले तर तो फौजी आहे असे नाही, तो कॅम्पात राहतो एवढेच. आणि ‘वडील मिलिट्रीत होते’ असे म्हणणारी अर्धी घरे खडकी, रेंजहिल्स, घोरपडी, देहूरोडला सापडतील. त्यांतले किती गणवेशातले आणि किती डेपोतले, याचा उलगडा विचारल्याशिवाय होत नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. देहूरोडचा ऑर्डनन्स डेपो, खडकीची बेस वर्कशॉप, एमईएस, दक्षिण कमांडची कार्यालये, या सगळ्यांनी आपल्या तीन-तीन पिढ्या पोसल्या. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ती अशा कामगारांच्या वस्तीत. ही माणसे संरक्षण खात्याचे नागरी कर्मचारी. सैनिक नव्हेत. त्यात कमीपणा काय आहे? बॉम्बच्या कवचात दारू भरणाऱ्या माणसाच्या हाताची बोटे लढाई नसतानाही जातात. त्याला ‘सैनिक’ म्हणून उसना मान देण्याची गरज नाही, त्याचा स्वतःचा मान त्याला द्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या, खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीत गेला. तेव्हा कामगारांचा लढा होता तो नेमका याच प्रश्नाचा होता, आम्ही सरकारी नोकर की कंपनीचे नोकर? म्हणजे पदनामाचा प्रश्न हा पोटाचा प्रश्न असतो हे डेपोतल्या माणसाला कळते. कळत नाही ते लेखणीवाल्यांना.

आता भीमा कोरेगावकडे येऊ, कारण तिथे शब्दांची सर्वांत जास्त नासाडी होते, आणि दोन्ही बाजूंनी होते. मी आधी आपली बाजू घेतो, म्हणजे आपल्याच माणसांचे बोलतो.

दरवर्षी १ जानेवारी जवळ आली की पेरणे फाट्यापासून फलक लागतात, ‘महार रेजिमेंटच्या ५०० शूरवीरांना मानवंदना’. बंधूंनो, १८१८ मध्ये महार रेजिमेंट नव्हती. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ च्या ऑक्टोबरात, बेळगावला, बाबासाहेबांनी संरक्षण समितीवरून केलेल्या पाठपुराव्याच्या वर्षात. त्याआधी पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभारली गेली होती. गरज सरली तशी १९२१ मध्ये ती ७१ व्या पंजाबी पलटणीत विलीन करून मोडीत काढली. कोरेगावला लढली ती बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली सुमारे ५०० पायदळ होते, सोबत तीनशेच्या आसपास घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याचे २४ गोरे गोलंदाज, दोन तोफांसह. ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरहून निघालेली ही तुकडी सकाळी भीमेच्या काठी पोचली तेव्हा समोर पेशव्याची २८ हजारांची फौज होती. बटालियनमध्ये महार शिपायांचा मोठा भरणा होता, आणि इतर जातींचे शिपाईही होते. स्तंभावर पडलेल्यांची जी ४९ नावे कोरली आहेत, त्यांतली २२ नावे ‘नाक’ने संपतात.

या बावीस नावांपेक्षा मोठा पुरावा कुठला? दगडावर कोरलेला, सरकारी, १८२० च्या दशकातला. ज्या पुण्यात पेशव्याच्या राज्यात या माणसांची सावली चालत नव्हती, त्या पुण्यापासून तीस किलोमीटरवर त्यांची नावे दगडात कोरली गेली, मराठ्याच्या, मुसलमानाच्या नावांशेजारी नाव कोरले जाण्याची सोय त्या काळात दुसऱ्या कुठल्या दगडावर होती? आपण जेव्हा ‘महार रेजिमेंट’ आणि ‘पाचशेच्या पाचशे’ असे म्हणतो, तेव्हा विरोधकाला एक फट मिळते. तो बोट ठेवतो, ‘बघा, रेजिमेंट तर १९४१ ची’ आणि त्या फटीतून तो बावीस नावेही बाहेर ओढायला बघतो. खरा आकडा पुरेसा भारी असताना खोट्या आकड्याचे ओझे का वाहायचे? ती बटालियन पुढे ग्रेनेडियर्समध्ये गेली आणि ‘कोरेगाव’ हा युद्धसन्मान तिच्याकडे राहिला. महार रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता, तो पुढे काढून त्या जागी खंजीर आला. म्हणजे एका पलटणीने तिथे रक्त सांडले आणि दुसऱ्या पलटणीने ती आठवण छातीवर लावली. ही गोष्ट नीट सांगितली तर जास्त चांगली गोष्ट आहे.

आणखी एक. आजच्या महार रेजिमेंटचा प्रत्येक सैनिक महार नसतो. १९४६ नंतर ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि तिच्यात वेगवेगळ्या समाजांची भरती सुरू झाली. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटमधून वर गेले. श्रीलंकेत १९८७ मध्ये परमवीरचक्र मिळवून गेलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महार बटालियनचे. तेव्हा ‘महार रेजिमेंटचा जवान’ आणि ‘महार जवान’ हे दोन वेगळे शब्द आहेत. आपल्या सभांत परमेश्वरन यांचे नाव घेताना कधी कधी त्यांची जात बदललेली ऐकू येते. त्यांना आपल्या जातीत घ्यायची गरज नाही. आपल्या नावाची पलटण इतकी मोठी झाली की देशातल्या कुठल्याही समाजाच्या माणसाने तिच्यासाठी जीव दिला, ही गोष्ट छोटी आहे का?

आता दुसरी बाजू. तिकडचा आवडता शब्द आहे ‘भाडोत्री’. इंग्रजांचे भाडोत्री शिपाई. हा शब्द वापरणाऱ्याने एकच करावे, तो सगळ्यांना सारखा लावावा. कोरेगावच्या गल्ल्यांत त्या दिवशी पेशव्याच्या बाजूने घुसले ते मुख्यतः अरब आणि गोसावी. अरब हे अरबस्तानातून पगारावर आलेले. शिंद्यांच्या फौजेची कवायती पलटण फ्रेंच सेनानींनी उभारली, तेही पगारावर. आणि बॉम्बे आर्मीत कंपनीचा पगार घेणारे मराठा होते, रजपूत होते, मुसलमान होते, बेने इस्रायली होते. त्या काळात शिपाईगिरी हा धंदा होता, जो रोजमुरा देईल त्याची चाकरी. हा सगळा समुदाय सोडून ‘भाडोत्री’ हा शब्द नेमका कोणाच्या कपाळावर डकवला जातो? फक्त महारांच्या. मग तो इतिहासाचा शब्द राहत नाही, तो जातीचा शब्द होतो. २०१८ च्या १ जानेवारीनंतर तर या शब्दाला दगडाचे वजन आले आहे.

शब्दाने माणसाचे काय करता येते याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांच्या लष्करी डोक्यात ‘लढाऊ जाती’ची कल्पना शिरली. रॉबर्ट्ससारख्या सेनापतींनी ती धोरण म्हणून राबवली. काही जाती लढाऊ, काही नाहीत. कोरेगावपासून काबूलपर्यंत ज्यांनी खांद्यावर बंदुका वाहिल्या ते लोक एका फटक्यात ‘अलढाऊ’ ठरले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. पराक्रम कमी झाला म्हणून नव्हे. रजिस्टरातला शब्द बदलला म्हणून. भरती बंद म्हणजे पगार बंद, पेन्शन बंद, छावणीतली शाळा बंद. दापोलीत पेन्शनरांची जी वस्ती होती, जिथे शिकलेली, जगाची हवा खाल्लेली माणसे होती, तिची पुढची पिढी उभी राहण्याचा मार्गच बंद.

आणि त्याविरुद्ध पहिला अर्ज केला तो एका पेन्शनरानेच. हवालदार गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीला राहिले, त्यांनी १८९४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सेनापतीकडे अर्ज तयार केला. आम्हाला ‘अलढाऊ’ म्हणता, तर आमचा इतिहास काय तो पाहा. पुढे पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी तोच धागा उचलला. १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवली, दीड हजारांवर सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठवला, ‘सोमवंशीय मित्र’ काढला, १९१० मध्ये थेट विलायतेत भारतमंत्र्याकडे लष्कर-पोलिसातल्या भरतीसाठी अर्ज केला. स्वतः शिवराम जानबा सैनिक नव्हते, बटलर होते. गोऱ्या साहेबांच्या बंगल्यात नोकरी करून हा माणूस इंग्रजी शिकला. (त्यांनाही काही ठिकाणी ‘माजी सैनिक शिवराम कांबळे’ करून टाकले आहे! बटलर असणे आपल्याला लाजिरवाणे का वाटावे?) हेच शिवराम जानबा १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांना कोरेगावच्या स्तंभाकडे घेऊन गेले. म्हणजे आपल्या मानवंदनेच्या परंपरेच्या मुळाशी एक मागणी होती, भरतीचा दरवाजा उघडा. तो दरवाजा ज्या शब्दाने बंद झाला त्या शब्दावर ती मागणी घाव घालत होती.

मग मेलेल्याला काय म्हणायचे? हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांत फार वादाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

सरसकट सगळे ‘शहीद’ म्हणतात. पण सैन्याच्या अधिकृत शब्दकोशात शहीद हा शब्दच नाही. सरकारने संसदेत हे सांगितलेले आहे, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लष्कराने आपल्या कमांडना पत्र पाठवून मार्टर हा शब्द वापरू नका असे कळवले. शहीद शब्दाचा मूळ अर्थ अरबीत साक्ष देणारा, धर्मासाठी साक्ष देत मेलेला. मार्टरही तसाच, ख्रिस्ती परंपरेतला. बरे, मग मराठीतला ‘हुतात्मा’ चालेल? हुत म्हणजे होमात टाकलेले. यज्ञात आहुती पडली तसा ज्याचा आत्मा पडला तो हुतात्मा. यज्ञही आला, आत्माही आला! ज्या तथागताने दोन्ही नाकारले त्याच्या अनुयायाच्या प्रेतयात्रेत हा शब्द माइकवरून घुमतो आणि कोणाला काही वाटत नाही. ‘वीरगती’मध्ये स्वर्ग आहे, ‘धारातीर्थी’मध्ये तीर्थ आहे. मराठी भाषेत मरणाचे सन्मानाचे जवळपास सगळे शब्द भटजींच्या पोथीतून आलेले आहेत, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

माझे मत असे, की संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे आणि नामांतराचे शहीद हे शब्द आता इतिहासाने पक्के केले आहेत, पोचीराम कांबळेंना आपण शहीद म्हणतो ते व्युत्पत्ती पाहून नव्हे, ते चालू द्यावे. चळवळ आपल्या मृतांना काय म्हणते हा चळवळीचा अधिकार आहे. पण सैनिकाच्या बाबतीत साधे मराठी आपल्याजवळ आहे. ‘लढाईत पडले’. ‘कामी आले’. ‘कर्तव्यावर असताना मृत्यू’. आणि यांतले कुठले, हे नेमके लिहावे. कारण सरकारची तिजोरी तो फरक फार काटेकोर करते.

कसा करते ते बघा. शत्रूशी लढताना किंवा अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईत मृत्यू झाला तर तो बॅटल कॅज्युअल्टी, विधवेला लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराइतके. नोकरीमुळे पण लढाईबाहेर, अपघाताने वा आजाराने झाला तर स्पेशल फॅमिली पेन्शन, पगाराच्या ६० टक्के. नोकरीशी संबंध नाही असे ठरले तर साधे कुटुंब निवृत्तिवेतन, ३० टक्के. फलकावर तिघेही ‘अमर शहीद’ असतात. चौकात आमदार येतो, नगरसेवक येतो, शहीदाच्या घोषणा होतात, रस्त्याला नाव देण्याचे जाहीर होते. सहा महिन्यांनी ती बाई पेन्शनचा कागद घेऊन बसते तेव्हा त्यावर शहीद हा शब्द कुठेच नसतो, एक इंग्रजी शेरा असतो, आणि तो शेरा बरोबर की चूक हे विचारायला त्या आमदारापैकी कोणी नसतो. फलकाला खर्च करणाऱ्या मंडळाने एक दिवस तो शेरा वाचून दाखवायला, आणि तो चुकीचा असेल तर अपील करायला खर्च केला असता तर जास्त मान झाला असता. जखमी होऊन आलेल्यांचेही तसेच. खडकीच्या क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये १९१७ पासून अपंग सैनिकांना धंदा शिकवतात, तिथेच अर्धांगवायूने जायबंदी झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. त्यांच्यासाठीही ‘लढाईत जखमी’ आणि ‘सेवेत अपंगत्व’ यात रुपयांचा फरक आहे. सप्टेंबर २०२३ च्या नव्या नियमांत डिसॅबिलिटी हा शब्दच बाजूला सारून ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असा शब्द आणला गेला. शब्द बदलला की समजावे कुठेतरी हिशेब बदलला आहे.

पोलिसी दलांचे प्रकरण तर आणखी क्रूर. पुलवामाला १४ फेब्रुवारी २०१९ रोजी ४० जण गेले. वर्तमानपत्रांनी लिहिले, ‘लष्कराचे जवान’. ते लष्कराचे नव्हते, केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. २०११ पासून गृहखात्याने या दलांना निमलष्करी म्हणणेही बंद करून ‘केंद्रीय सशस्त्र पोलीस दले’ असे ठरवले आहे. त्यांतून निवृत्त झालेला माणूस ‘माजी सैनिक’ नसतो, २०१२ मध्ये त्याच्यासाठी ‘माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी’ अशी लांबलचक पदवी काढली. सैनिकाला जुनी पेन्शन, आणि २००४ नंतर लागलेल्या या जवानांना बाजारावर अवलंबून असलेली नवी पेन्शन, हा खटला न्यायालयापर्यंत गेला. मेल्यावर त्याला लष्कराचा म्हणायचे आणि जिवंतपणी पोलीस म्हणायचे, असा हा दुहेरी व्यवहार. या दलांत आपली पोरे काय कमी आहेत? रामटेकडीच्या राज्य राखीव दलाच्या लाइनीत जाऊन पाहा. त्यांना आदराने पोलीसच म्हणा, आणि पोलीस म्हणूनच त्यांना जे मिळायला हवे ते मागा.

आता तो भाग, ज्यावर कोणी बोलत नाही. सैन्यात लढणारे असतात तसे स्वयंपाकी, धोबी, न्हावी, मोची, सफाईवाले असतात. पूर्वी त्यांना नॉन-कॉम्बॅटंट एन्रोल्ड म्हणत, आता ट्रेड्समन म्हणतात. ‘सफाईवाला’ हे पदनाम जाऊन भरतीच्या जाहिरातीत ‘हाऊसकीपर’ आणि ‘मेसकीपर’ असे शब्द आले आहेत, आठवी पास चालतो. पाटी इंग्रजी झाली. पाटीमागे उभा राहणारा कोणत्या वस्तीतून येतो, हे भरतीच्या रांगेत कोणीही उभे राहून पाहावे. या माणसांना घरी आल्यावर त्यांचे स्वतःचे शेजारी म्हणतात, ‘तो कसला फौजी, तो तर तिकडे भांडी घासत होता’. येरवड्याच्या वस्तीतल्या एका बाईंची हकीकत मला माहीत आहे. मालक फौजेत कुक, वीस वर्षे नोकरी, पेन्शनीत आले आणि दोन वर्षांत वारले. मुलाच्या प्रवेशासाठी माजी सैनिकाच्या पाल्याचा दाखला हवा होता. एका कार्यालयातल्या बाबूने कागद बघून परत केला, ‘ताई, हे सैनिक नव्हते, बबर्ची होते’. बाई निमूट परत आल्या. प्रवेशाची मुदत गेली. पुढच्या वर्षी शेजारच्या आळीतल्या एका निवृत्त सुभेदारांनी त्यांचे डिस्चार्ज बुक हातात घेतले, बाईंना सोबत नेले आणि नियम दाखवला.

नियम काय सांगतो? सरकारच्या व्याख्येत माजी सैनिक म्हणजे ज्याने भारतीय भूदल, नौदल वा हवाई दलात कोणत्याही हुद्द्यावर, ‘कॉम्बॅटंट वा नॉन-कॉम्बॅटंट’ म्हणून, नोकरी केली आणि जो पेन्शनसह निवृत्त झाला किंवा नोकरीमुळे आलेल्या अपंगत्वामुळे सोडला गेला. नॉन-कॉम्बॅटंट! बंदूक चालवली की कढई चालवली हे व्याख्या विचारत नाही. त्या बाबूच्या डोक्यातली व्याख्या मात्र मनूची होती, कामावरून माणूस ठरवणारी. आपल्यापैकी किती जणांच्या डोक्यात ती नाही?

याच व्याख्येतला दुसरा शब्द, ‘पेन्शनसह’, आता हजारो पोरांच्या मानेवर येणार आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची भरती, नाव अग्निवीर. चार वर्षांनी शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांना पुढे ठेवणार, बाकीचे एकरकमी सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. म्हणजे नेहमीच्या व्याख्येप्रमाणे तो ‘माजी सैनिक’ही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातला एक अग्निवीर सियाचीनमध्ये गेला, तेव्हा देशभर वाद झाला की त्याला काय म्हणायचे आणि त्याच्या घरच्यांना काय द्यायचे. विमा आणि सानुग्रह मदत मिळते, कुटुंबाला दरमहा पेन्शन मिळत नाही, हे तेव्हा लोकांना कळले. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस प्रशिक्षणाला बसली, तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. वीर शब्द नावात आहे, हक्क नावाबाहेर. पहिल्या महायुद्धानंतर १११ वी पलटण मोडली तेव्हा घरी आलेल्या आपल्या माणसांना आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पाच-सहा वर्षांची नोकरी करून ‘रिलीज’ झालेल्या महार रेजिमेंटच्या शिपायांना हा प्रकार नवा वाटला नसता. पेन्शनला पंधरा वर्षे लागतात, त्यांची तेवढी भरली नव्हती. राज्य सरकारने दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना पुढे अनुदान सुरू केले, पण तोवर पुष्कळांची राख झाली होती. भरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या पोरांना आपल्या कार्यकर्त्यांनी हे आधी सांगावे, नंतर नव्हे.

तेव्हा वाचकांना आणि विशेषतः आमच्या तालुका प्रतिनिधींना एक विनंती. कोणा सैनिकाच्या निधनाची वा सत्काराची बातमी पाठवाल तेव्हा घरच्यांना डिस्चार्ज बुक मागा. ते पत्र्याच्या पेटीत, जयंतीच्या फोटोंखाली सापडते. त्यावरून हुद्दा, पलटण, भरतीचे आणि सुटीचे वर्ष उतरवून घ्या. हुद्दा नावाच्या आधी लिहा आणि ‘निवृत्त’ नावाच्या शेवटी, कारण लष्करी रिवाजात निवृत्त होतो तो माणूस, हुद्दा निवृत्त होत नाही. बाईंना नुसते ‘विधवा’ लिहू नका, लढाईत पती गमावला असेल तर सैन्य ज्यांना वीरनारी म्हणते त्या त्याच. डेपोतून निवृत्त झाले असतील तर डेपोचे नाव आणि पद लिहा. आणि स्वयंपाकी असेल तर ‘आर्मी सर्व्हिस कोअर, कुक, माजी सैनिक’ असे लिहा, हे तिन्ही शब्द, याच क्रमाने.